सूर्य फुटला त्या दिवशीची मोजणी

मी सूर्याकडे डोळे लावून बसते, असं आमच्या वाडीतले लोक सांगतात, ते साफ खोटं आहे. सूर्याकडे मी कधीच बघत नाही. बघायचं नसतं, डोळे जातात. मी बघते ते कागदाकडे. माझ्याकडे एक जुनी छोटी दुर्बीण आहे. ती सूर्याकडे रोखून ठेवायची आणि तिच्या मागच्या तोंडातून येणारा उजेड पांढऱ्या कागदावर पाडायचा. कागदावर बशीएवढा सूर्य उमटतो आणि त्या बशीवर कधी एखादा, कधी पाचसहा काळे डाग दिसतात. पेन्सिलीने ते डाग उतरवून घ्यायचे, की झालं माझं सकाळचं देवकार्य. मग चहा.

ही दुर्बीण शाळेची. जामसंड्याला मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. निवृत्तीच्या वेळी शाल-श्रीफळ देणार म्हणाले, तेव्हा मी म्हटलं, शाल कोकणात कोण पांघरतं? त्यापेक्षा प्रयोगशाळेच्या कपाटावर धूळ खात पडलेली ती दुर्बीण द्या. लोकांना वाटलं बाई थट्टा करते आहे. पण मुख्याध्यापकांनी ती खरंच दिली, वर शालही दिली. स्टॅण्डचा एक पाय मोडका होता, तो मी काथ्याने बांधला. टीव्हीच्या खोक्यात कागद बसवून सावलीची सोय केली. एवढ्या भांडवलावर माझी म्हातारपणाची वेधशाळा उभी आहे, आणि देणाऱ्यांचे मी रोज सकाळी मनातल्या मनात आभार मानते.

नुसते डाग मोजण्यात काय आहे, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. पण डाग पाहता पाहता पुढचा प्रश्न पडतोच. यातला कुठला डाग फुटणार? सूर्यावर डागांच्या जागी मधूनच प्रचंड भडका उडतो. त्याचे किरण उजेडाच्याच वेगाने येतात, आठेक मिनिटांत. म्हणजे भडका दिसला तेव्हाच तो इथे येऊन पोचलेला असतो. आधी निरोप देणारं काहीच नसतं. म्हणून शहाणी माणसं भडक्याची वाट पाहत नाहीत, लक्षणं पाहतात. डाग एका दिवसात दुप्पट झाला का? साधा गोल डाग निरुपद्रवी. पण एकाच करड्या किनारीत वेगवेगळ्या स्वभावाचे काळे तुकडे कोंडले गेले, की समजायचं काहीतरी शिजतंय. एका घरात दोन भांडकुदळ जावा राहायला आल्यासारखं ते. मोठ्या भडक्याआधी बारीकसारीक चकमकी होतात. आणि हल्ली म्हणतात की, काही तास आधी डागांवरच्या तेजाच्या कमानी लुकलुकायला लागतात. त्या कमानी माझ्या दुर्बिणीत दिसत नाहीत. त्या मी फोनवर बघते. उपग्रहांनी काढलेले फोटो आता कोणालाही बघता येतात, त्यासाठी वशिला लागत नाही.

पण लक्षण म्हणजे खात्री नव्हे. मी कितीदा तरी सांगितलं की उद्या सूर्यावर मोठा भडका उडेल, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य शहाण्या मुलासारखा आला नि गेला. वाडीला तेवढंच हवं होतं. "मास्तरीणबाय सांगता सूर्य फुटतलो, म्हणजे आज वाळवण घालूक हरकत नाय," असं बायका एकमेकींना सांगू लागल्या. मला राग येई. आमच्या मालवणी माणसाला दुसऱ्याची फजिती झाली की दोन घास जास्त जातात. पण खरं सांगते, त्याच बायका घरासमोरच्या घाटीच्या वाटेने जाताना अंगणात डोकावून "आज डाग किती?" असंही विचारत. नवरा गेल्यावर त्या रिकाम्या घरात दिवसातून एकदा कोणीतरी काहीतरी विचारतं, ही काही लहान गोष्ट नव्हती.

माझं दुसरं यंत्र नवऱ्याचं, म्हणजे त्याचा शॉर्टवेव्हचा रेडिओ. त्याला दूरदेशची स्टेशनं लावायचा नाद होता. भाषा कळायची नाही, पण कानाला लावून बसायचा. तो गेल्यावर मी रेडिओ पुसून ठेवला होता. मग कुठेतरी वाचलं की सूर्यावर भडका उडाला की दिवसाउजेडी शॉर्टवेव्हची स्टेशनं अचानक गप्प होतात, वातावरणाचा वरचा थर त्या लहरी गिळून टाकतो. तेव्हापासून दुर्बीण मांडली की शेजारी गडग्यावर रेडिओही लावून ठेवते. कुठल्याशा परक्या भाषेतलं गाणं चालू असतं. ते चालू आहे तोवर सूर्य शांत.

गडगा म्हणजे जांभ्या दगडांची ती कंबरभर उंचीची भिंत. आमच्या गडग्याच्या पलीकडे माझ्या चुलत दिराचं घर. हे घर आणि ते घर एकाच आजोबांचं. वाटणी झाली ती तोंडी, सासऱ्यांच्या काळात. गडग्याच्या टोकाला विहीर. दोन्ही घरं त्या विहिरीवर. कोणाच्या हद्दीत ती, असा प्रश्न कोणी विचारला नव्हता, कारण विचारायचं काही कारण नव्हतं. मग एका पावसाळ्यात गडगा ढासळला. भावजींनी तो परत रचला, आणि माझ्या नवऱ्याला वाटलं की रचताना तो आमच्या बाजूला सरकवला. दोघेही एका हाडाचे. तोंडं बंद झाली. नवरा आजारी पडला, गेला, तेराव्याला भावजी आले, कोपऱ्यात बसले आणि माझ्याशी एक शब्द न बोलता उठून गेले. त्यानंतर मी त्यांच्या तोंडी "वयनी" राहिले नाही. मी "मास्तरीण" झाले, नाहीतर "तां घर".

मग कुणकेश्वरला येणारे भाविक आणि पर्यटक वाढले. भावजींनी गडग्याला लागून दोन खोल्या बांधायचं ठरवलं, पाहुण्यांना राहायला द्यायला. खोल्यांना परवानगी हवी, परवानगीला हद्द हवी, म्हणून त्यांनी सरकारी मोजणीचा अर्ज केला. नोटीस माझ्याही हातात पडली. ज्याच्या नंबरात विहिरीचा मोठा भाग येईल त्याची विहीर. आमच्याकडे नळ आहे, पण एप्रिल-मेमध्ये त्याला येते ती नुसती हवा. विहीर गेली तर उन्हाळ्यात त्या घरात राहता येणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मुलगी पुण्याला असते. ती दोन वर्षं मागे लागली होती, आई, घर बंद कर नि ये. विहीर गेली असती तर मला तिला नाही म्हणायला तोंड उरलं नसतं. मला ते घर सोडायचं नव्हतं. मुलीवर माझं प्रेम आहे, पण तिच्या फ्लॅटच्या गॅलरीत सूर्य साडेअकराला येतो आणि समोरची इमारत त्याला बाराला गिळते.

शिवरात्रीची जत्रा होऊन गेली होती. काजू पिवळेतांबडे होऊन खाली पडायला लागले होते. मोजणीची तारीख आठवड्यावर आली आणि नेमका त्याच सकाळी कागदावरच्या सूर्याच्या कडेला एक डाग वर आला. आधी मी त्याला किंमत दिली नाही. दुसऱ्या दिवशी तो दुप्पट. तिसऱ्या दिवशी त्याला शेपूट फुटलं. चौथ्या दिवशी करड्या किनारीत काळे तुकडे असे एकमेकांवर चढले, की पेन्सिलीने उतरवताना मला घाम आला. फोनवरचे फोटो बघितले तर तेच, चुंबकाचे उत्तर-दक्षिण ध्रुव एका खोलीत कोंडलेले. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे कडेचा डाग साधारण आठवड्यात मध्यावर येतो, अगदी आपल्यासमोर. म्हणजे मोजणीच्या दिवशी तो नेमका आमच्या विहिरीवर नेम धरून बसणार होता.

हल्लीची मोजणी साखळीने होत नाही. एक उंच काठी असते, तिच्या डोक्यावर पांढरा घुमट. ती आकाशातल्या उपग्रहांचं ऐकते आणि आपण पृथ्वीवर नक्की कुठे उभे आहोत ते बोटभर अंतरापर्यंत सांगते. सूर्याने त्या संदेशांच्या वाटेत गोंधळ घातला की काठीची दिशाभूल होऊ शकते. एरवी हातभर चुकलं तर कोणाचं काय बिघडतं? पण आमची विहीर हातभरावरच टांगलेली होती.

मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, गप्प बस. तू मोजणी पुढे ढकला म्हणालीस तर ते म्हणतील विहीर जाणार म्हणून घाबरली. आणि भडका उडालाच नाही तर? तुझं रेकॉर्ड मला माहीत आहे." रेकॉर्ड हा शब्द तिने हसून म्हटला, तरी मला लागला. पण ती रजा काढून आदल्या संध्याकाळी येऊन हजर झाली. येताना माझ्यासाठी खोकल्याचं औषध आणि स्वतःसाठी वकिलाचा सल्ला घेऊन आली होती.

मोजणीच्या सकाळी वाडीतली निम्मी माणसं गडग्याशी जमली. दुसऱ्याची मोजणी म्हणजे आमच्याकडे फुकटचं दशावतारी नाटक. मोजणीसाहेब जीपमधून उतरले. टोपी, बूट, काठी, हातात फोनसारखं यंत्र. बोलायला मऊ माणूस. मी पुढे झाले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. म्हटलं, "साहेब, सूर्यावर आज-उद्यात मोठा भडका उडण्याची लक्षणं आहेत. उडेलच असं नाही. पण उडाला तर तुमचं यंत्र थोडा वेळ चुकू शकतं. विहिरीजवळ मोजताना सांभाळा."

मग भावजी माझ्याकडे न बघता माडाकडे बघून म्हणाले, "आयकलात? आता मोजणी सूर्याक इचारून करूची!" सगळे फिसकन हसले. मुलीने कपाळाला हात लावला. साहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, उपग्रहांशी पक्का मेळ बसला की यंत्र 'फिक्स' दाखवतं. नाही बसला तर 'फ्लोट' दाखवतं, मग आम्ही थांबतो. पण तुमचं म्हणणं लक्षात ठेवतो." मला एवढं पुरे होतं. मी रेडिओ गडग्यावर ठेवला, गाणं लावलं आणि दुर्बिणीपाशी जाऊन बसले.

कामाला हात घालायच्या आधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत आहे. लग्न असो, नवी होडी पाण्यात लोटायची असो, नाहीतर भावाभावांची मोजणी असो, आधी देवाच्या कानावर घालायचं. एकाने मोठ्याने मागणं मांडायचं आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून होकार द्यायचा. आमच्या वाडीत गाऱ्हाण्याचा मान भावजींच्या घराकडे. आणि गाऱ्हाण्याचा नियम असा की त्यातून कोणाला वगळता येत नाही. ज्याच्याशी कोर्टात भांडतोस त्याचंही बरं मागायचं, तेही त्याच्यासमोर. भावजींनी खांद्यावरचा पंचा सारखा केला, विहिरीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचा तो भरघोस आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या जाग्यार तुझी लेकरा जमली आसत, जमनीची मोजणी करूक!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्येच्यात कोणाच्या मनात वाकडा इला आसात, तर ता तू सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हद्द खंयय पडांदे, पण ह्या दोनय घरांच्या पाण्याक उणा पडाक देव नको!"

"व्हय म्हाराजा!"

हद्द कुठेही पडली तरी दोन्ही घरांना पाणी पुरो, एवढं मागून ते अडखळले. गाऱ्हाणं घालताना ते कधी अडखळत नाहीत. त्यांनी घसा साफ केला.

"आणि आमच्या वयनीन सांगल्यान तसो सूर्याचो काय कोप होवचो आसलो, तर तो समुद्रार जांवदे, माणसांका नि मोजणीक बादा होवक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली. मुलगीसुद्धा म्हणाली, पुण्याच्या उच्चारात. मी म्हटलं नाही. म्हणजे तोंड उघडलं, पण शब्द घशातच राहिला. आमच्या वयनीन. तेराव्याला जो शब्द मिळाला नाही तो असा सूर्याच्या पाठीवर बसून आला होता, आणि तो घ्यायचा की फेकून द्यायचा, तेच मला कळेना. मानीपणा हा रोग आहे, आणि तो फक्त या घराण्यातल्या पुरुषांनाच होतो असं नाही. मी वाकून दुर्बिणीचा स्क्रू पिळत बसले, जो अजिबात सैल नव्हता.

मोजणी सुरू झाली. साहेब काठी घेऊन कोपऱ्या-कोपऱ्याने फिरत होते, यंत्र टुक् करत होतं, माणूस चुना टाकत होता. तास-दीड तास सगळं सुरळीत. कागदावर डाग जसाच्या तसा. लोक माझ्याकडे बघून हसू दाबत होते. ऊन चढलं. साहेब विहिरीपाशी आले, काठी सरळ धरली, यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "फिक्स." टुक्. माणसाने चुना टाकला. विहिरीच्या कठड्यावर, मध्याच्या पलीकडे. म्हणजे विहीर माझ्या बाजूला.

मुलीने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. मला रडू यायचं बाकी होतं. नवरा खरं बोलत होता, गडगा सरकलेला होता, घर राहिलं, असं सगळं एकदम मनात आलं. आणि त्याच वेळी काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय, ते कळेना. अंगणात काहीतरी नव्हतं. मग लक्षात आलं, गाणं नव्हतं. रेडिओ चालू होता, दिवा लागलेला होता, पण आत नुसती पातळ खरखर. मी फोन काढला. आमचा सूर्य बघणाऱ्यांचा एक गट आहे, देशभर विखुरलेला. तिथे एकामागून एक लोक लिहीत होते, शॉर्टवेव्ह गेला, माझाही गेला. मी कागदाकडे धावले. कागदावर काहीच नव्हतं. डाग तसाच, साळसूद; असा भडका साध्या उजेडात बहुधा दिसतच नाही. इतके दिवस मी ज्याची लक्षणं मोजत बसले, तो समोर फुटला आणि माझ्या दुर्बिणीला त्याचा पत्ताही नव्हता.

आता इथे कोणी मला पुण्यवान वगैरे म्हणू नये. मी जे केलं ते सवयीने केलं. आयुष्यभर वर्गात चुकीचं रीडिंग दिसलं की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जायचा, मग ते लाडक्या विद्यार्थ्याचं का असेना. मी म्हटलं, "साहेब, हे रीडिंग धरू नका. सूर्य आत्ताच फुटलाय."

"आई!" मुलगी दातओठ खाऊन म्हणाली.

साहेबांनी यंत्राकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी आली. "आता फ्लोट दाखवतंय खरं. पण मघाशी फिक्स होतं, मॅडम. नियमाने मी ते धरू शकतो." आणि ते माझ्याकडे बघत थांबले. भला माणूस. विहीर त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली होती, फक्त मूठ मिटायची होती.

"परत घ्या," मी म्हटलं. म्हणता म्हणताच स्वतःचा इतका संताप आला की दुर्बिणीला लाथ घालावीशी वाटली.

यंत्र जागेवर यायची वाट बघत सगळे फणसाच्या सावलीत बसले. आता कोणी हसत नव्हतं. भावजी मात्र सावलीत आले नाहीत. ते उन्हात गडग्यावर बसले, रेडिओच्या शेजारी, आणि बसता बसता त्यांनी कान रेडिओकडे झुकवला. हा रेडिओ त्यांना माझ्या आधीपासून ओळखत होता. लग्न होऊन मी आले तेव्हा हे दोघे भाऊ याच गडग्यावर बसून क्रिकेटची कॉमेंटरी ऐकायचे आणि विकेट पडली की एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालायचे. किती वेळ गेला कोण जाणे. खरखरीतून एक बारीक सूर वर आला, बुडाला, परत आला. भावजींनी मान वर केली आणि कोणाला उद्देशून न म्हणता म्हणाले, "गाणा लागला."

साहेबांनी आणखी बराच वेळ जाऊ दिला. मग विहिरीपाशी परत काठी लावली. एकदा, दोनदा, उलट बाजूने तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा चुना एकाच जागी पडला. पहिल्या चुन्यापासून हातभर अलीकडे, माझ्या घराच्या बाजूला. विहीर भावजींच्या बाजूला गेली.

त्या संध्याकाळचं काय सांगू? मुलगी भांडी घासताना आपटत होती, त्यावरून सगळं कळत होतं. शेवटी म्हणाली, "तू स्वतःच्या हाताने विहीर देऊन टाकलीस. आता तरी चल." मी म्हटलं, "चलते." दुसरं काय म्हणणार? ती मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, आणि मीही. दुर्बीण पुण्याच्या गॅलरीत कुठे ठेवायची, एवढाच विचार मी करत राहिले. गेलेल्या नवऱ्याची मनात माफीही मागितली. गडगा सरकला नव्हता. निदान हातभर तरी नाही.

सकाळी उठून मी पाना घेऊन विहिरीवर गेले. माझा पंप परक्याच्या विहिरीवर ठेवणं मला जमणारं नव्हतं. पाइपाचा नट गंजलेला, हलेना. मी त्याला शिव्या देत होते तेवढ्यात गडग्यापलीकडून आवाज आला.

"वयनी, पायप कित्याक काढतंस?"

मी वर पाहिलं नाही. म्हटलं, "बाव तुमच्या हद्दीत गेली, भावजी. माझो पंप हंय कित्याक?"

"हद्द कागदार गेली. मी देवाच्या म्होरां काय बोललंय? दोनय घरांच्या पाण्याक उणा पडाक देव नको. सगळ्या वाडयेन व्हय म्हटल्यान. आता देवाक जावन सांगू, त्यातला एक घर वगळ म्हणान?"

मी पाना खाली ठेवला. भावजी गडग्याला टेकून उभे होते. पिकलेले केस, तोच पंचा, आणि चेहऱ्यावर माझ्या नवऱ्याची ती जिवणी. भावाभावांत एवढं साम्य असतं, हे भांडणाच्या दिवसांत मी विसरून गेले होते.

"एक सांग माका," ते म्हणाले. "चुनो तुझ्या बाजूक पडलो होतो. गप रवलं असतंस तर बाव तुझी होती."

"रीडिंग चुकीचा होता."

ते मोठ्याने हसले. "मास्तरीण ती मास्तरीणच!" मग हसू थांबलं. गडग्यावरच्या एका सुट्या दगडाला ते उगीच इकडेतिकडे करत राहिले. "त्येच्या तेराव्याक माका बोलूक येव नाय. राग नाय होतो, वयनी. तोंडच उघडना." एवढं बोलून त्यांनी नाक पंचाला पुसलं.

घरात मुलगी जागी झाली होती. दाराआडून ती ऐकत होती, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी दुपारी ती एकटी पुण्याला गेली, आणि जाताना भावजींच्या घरचे काजूगर घेऊन गेली. त्या विहिरीचं पाणी मी आजही भरते. दोर ओढताना, पंप चालू करताना, अंघोळीचा पहिला तांब्या अंगावर घेताना मला भावजी आठवतात, मोजणीसाहेब आठवतात, नवऱ्याचा रेडिओ आठवतो, शाळेच्या कपाटावरची धूळ आठवते. इतक्या जणांचं देणं लागणारी बाई सुखी असते, असं माझं मत झालं आहे.

पण ते नंतरचं. त्या सकाळी भावजी अजून गडग्यापाशीच होते. म्हणाले, "आता एक कर. तो रेडियो रोज हंय गडग्यार लावीत जा. आणि सूर्य परत फुटाचो आसलो तर आधी माका हाक मार. खोटा ठरला तरी चलात. मारशीत मां?"

मी गडग्यावर हात ठेवला आणि आदल्या दिवशी घशात राहिलेलं ते एकदाचं मोठ्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा!"